चित्र दिसेल तोवर पाणी

देशावर पाणी बघायला निघाले आहे असं सांगितल्यावर आमची अख्खी वाडी हसली. कोकणातल्या बाईनं पाणी बघायला दौंड-शिरूरकडं जायचं, म्हणजे बंदरावरून उठून ताजे मासे आणायला घाटावर जाण्यातला प्रकार, असं शेजारचे भाऊ म्हणाले. भाऊंना मी उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात त्यांच्या सुनेनं सामाईक नळावर दुसऱ्या बाईचा हंडा लाथेनं उडवला होता. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

आमच्याकडं पावसाळ्यात अंगणातून ओढा वाहतो आणि एप्रिल उजाडला की झऱ्याची धार करंगळीएवढी होते. वाडीनं श्रमदानानं झऱ्यापासून पाइप आणली. खणायला सगळे होते. पाळी ठरवायला बसलो तेव्हा मात्र जो तो उठून आपल्या घरी गेला, आणि तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही एकमेकांची उणीदुणी काढत पाणी भरतो.

अशात वैशालीचा फोन आला. ही माझी जुनी विद्यार्थिनी, दौंड तालुक्यात भांडगावला दिलेली. ती म्हणाली, "बाई, इकडं एक पेंटर आहे, त्याची चित्रं बघून लोक पाणी भरतात. तुम्ही याच." मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. ज्या विषयाचा तास गणिताच्या मास्तरांना केव्हाही उचलून देता येतो, तो हा विषय. चित्रामुळं कुणाच्या घरात पाणी येतं हे ऐकल्यावर मला घरी बसवेना. नव्या शतकाची पहिली दोन-तीन वर्षं होती ती. पावसानं देशाकडं पाठ फिरवली होती आणि मी निवृत्त होऊन रिकामी होते. पिशवी भरली आणि निघाले.

भांडगाव

सोलापूर रस्त्यावर एस.टी.तून उतरले तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते आभाळ. आमच्याकडं डोंगर बघायला मान वर करावी लागते. इथं नजर सोडली की ती लांब जाते आणि अडत कुठंच नाही. कालव्याचं पाणी पोचतं तिथवर ऊस उभा, आणि तिथून पुढं एकदम ढेकळं. मधे काही नाही. एकाच शेताच्या दोन कडा अशा वेगळ्या असू शकतात हे कोकणात राहून कळत नाही.

वैशालीच्या सासूबाईंनी बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. मी खर्डा आमच्या खोबऱ्याच्या चटणीसारखा घासाबरोबर भरपूर घेतला. पुढचा बराच वेळ मला बोलता आलं नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सासूबाईंनी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि काळजीनं विचारलं, "आवो बाई, तुमच्याकडच्या मिरच्या गोड असत्यात का काय?"

संध्याकाळी त्या मला सार्वजनिक नळावर घेऊन गेल्या. लांबलचक ओटा, तीन तोट्या, मागं भिंत. पहिल्या तोटीवर घागर रंगवलेली, दुसरीवर धुण्याचा पिळा, तिसरीवर म्हैस. म्हैस बघून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मागचे पाय पुढच्या पायांपेक्षा आखूड, शिंगं बोकडाची. मी ते बोलूनही दाखवलं.

सासूबाई म्हणाल्या, "आसंल चुकलं. पर तवापास्नं घागरीच्या तोटीवर कुणी म्हस धुतली न्हाई. आदी रोज भांडान व्हायचं."

भिंतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: हमीद पेंटर, शिरूर. अक्षर मात्र म्हशीपेक्षा कितीतरी सुरेख होतं.

शिरूर

चौफुल्याहून गाडी उत्तरेला वळते. पारगावच्या पुलावर मी मुद्दाम खिडकीशी सरकले, भीमा बघायची होती. जलपर्णीनं झाकलेलं हिरवंगार पात्र दिसलं, पाणी दिसलंच नाही. शेजारचा माणूस म्हणाला, "पुण्याचं समदं हितं येतंय." न्हावऱ्याला चहा झाला, इतका गोड की आमच्याकडं त्याला पाक म्हणतील.

हमीदभाईंचं दुकान शिरूरच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. दुकान म्हणजे एक पडवी, आणि तिच्यापुढं वाळत ठेवलेल्या पाट्या: किराणा, दवाखाना, ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा. पन्नाशीचा माणूस, शर्टावर सगळे रंग, मिशी मात्र काळी कुळकुळीत. यांचं घराणं कितीतरी पिढ्या शिरूरचं. वडील बैलगाड्यांच्या चाकांवर नक्षी काढायचे. मी चित्रकलेची शिक्षिका आहे म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "म्हशीची शिंगं बघितली व्हय?" मी मान हलवली. ते म्हणाले, "बाई, मी अक्षराचा माणूस. जनावरं माझ्याच्यानं होत न्हाईत. आता लोक ऐकत न्हाईत त्याला काय करता!"

त्यांच्या बायकोनं चहा आणि कडक बटर आणलं. मग हमीदभाईंनी कारेगावकडच्या एका गावातल्या टाकीची हकिगत सांगितली, आणि मी शिरूरला ज्यासाठी आले होते ते मला सापडलं.

त्या गावात चार-सहा वस्त्या, एक विहीर, टेकाडावर एक गोल टाकी. पाइप लोकांनी स्वतः खणून टाकलेली. पाळी ठरवायची वेळ आली तेव्हा वस्त्यांना आकडे द्यायचे ठरलं, पण शेवटचा आकडा घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की टाकी गोल आहे. तिच्या भोवतीनं प्रत्येक वस्तीचं एकेक चित्र काढायचं. गोलात पहिला कोण आणि शेवटचा कोण? चित्राखाली खिळा. आज ज्या वस्तीची पाळी, तिच्या चित्राखाली लाल पत्र्याची चकती लटकवायची. बायका रस्त्यानं जाताना वर बघतात आणि घरी जाऊन भांडी घासायला घेतात.

"झकास आहे की!" मी म्हटलं.

"ऐका तर. पयल्याच साली एका वस्तीनं गणपती काढून घेतला." हमीदभाईंनी बटर चहात बुडवलं. "मीबी मन लावून काढला. आन् मग सगळं फसलं. गणपतीच्या आदी दुसऱ्याचं नाव कसं घ्यायचं? पाणी सोडणाऱ्याला धीर होईना. दर खेपेला पाळी तिथनंच सुरू. बाकीच्यांना बोलायची सोय न्हाई, गणपतीवर कोण भांडणार? शेवटी त्याच वस्तीची एक म्हातारी म्हणाली, देवाला असा राबवू नका."

तेव्हापासून टाकीवर देव काढायचा नाही असा नियम झाला. दुसरा नियम कपबशीनं घडवला. रस्त्याकडेच्या वस्तीत चहाचं हॉटेल होतं, म्हणून त्यांनी कपबशी घेतली. पुढं निवडणूक लागली. निवडणुकीची माणसं आली, कपबशी कुणाची तरी निशाणी निघाली, आणि त्यांनी त्या चित्रावर वर्तमानपत्राचा कागद डकवला. मतदान होईपर्यंत काढायचा नाही असं बजावून गेली.

"मग?"

"मग काय? पाणी सोडणारे बबनराव म्हणजे सरळ माणूस. चित्र न्हाई, तर चकती कुठं लावू, म्हणाले. निवडणूक होईस्तोवर त्या वस्तीच्या बाया रस्त्यापल्याडनं पाणी वाहत हुत्या." आता ती वस्ती पाटा-वरवंट्यावर आली होती. त्या निशाणीवर अजून तरी कुणी उभं राहिलेलं नाही.

मी खूप हसले. पण रात्री त्यांच्याच घरी अंथरुणावर पडल्यावर वाटलं, शहरात भिंतीवर चित्र काढतात तेव्हा लोक ते बघतात आणि पुढं जातात. या टाकीवर चित्र झाकलं तर माणसं तहानेली राहतात. असं वजन माझ्या कुठल्याच चित्राला कधी आलं नव्हतं, आणि ते यावं की न यावं हेही मला ठरवता येईना.

टाकीचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. पाण्याच्या गोष्टीत नाव न घेतलेलं बरं. कारेगावच्या अलीकडं, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. रांजणगावच्या कारखान्यांनी या भागाचा तोंडवळाच बदलला आहे. ज्वारीच्या रानाला लागून खोल्यांच्या रांगा, वर पत्रे, पत्र्यांवर दगड. खोल्या गावातल्या शेतकऱ्यांनी बांधल्या, आणि भाड्यानं राहतात ते कुठून कुठून आलेले कामगार.

हमीदभाईंच्या मोपेडवर मागं बसून, एका हातात रंगाचा डबा धरून मी टेकाडावर पोचले. दर वर्षी उन्हाळ्याआधी टाकीवरची चित्रं नव्यानं रंगवतात, त्या कामाचा तो पहिला दिवस होता. टाकी बसकी आणि गोल. भोवतीनं चिंचेचं झाड, सायकल, मोट, पिंजाऱ्यांच्या आळीची कापूस पिंजायची धनुकली, पाटा-वरवंटा, कोंबडा. कोंबड्याच्या वस्तीला पाणी पहाटे सोडतात, कारण कोंबडा आहे. एकदा चित्र काढलं की ते आपला स्वभाव दाखवतंच.

इथली एक रीत मला फार आवडली. हमीदभाई ब्रश लावण्याआधी त्या त्या वस्तीतली एक बाई पुढं येते, रंगात बोट बुडवते आणि भिंतीला लावते. पुरुषाचं बोट चालत नाही. पाणी पुरुष भरत नाहीत, मग बोट कसं लावतील, असं त्यांचं सरळ म्हणणं. धनुकलीसाठी पिंजाऱ्यांच्या घरातली म्हातारी आली, बोट लावलं, आणि हमीदभाईंना दटावून गेली की गेल्या वर्षी दोरी ढिली काढली होती. आमच्या वाडीत अशा कामाला पुढाऱ्याशिवाय कुणाचं बोट लागलं नसतं.

दुपारी टाकीच्या सावलीला सगळे जेवायला बसले होते तेव्हा खोल्यांकडच्या बायका चढून आल्या. पुढं होती ती रेखा. जालन्याकडची, तिशीच्या आतली, नवरा एका कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला. ती थेट आबांसमोर उभी राहिली. आबा म्हणजे पाण्याच्या कमिटीतले सगळ्यांत वडीलधारे. रेखा राहायची ती खोलीही त्यांचीच.

"आबा, आमचंबी चित्र काढा," ती म्हणाली.

आबांनी घास खाली ठेवला. "पोरी, पाणी मिळत न्हाई का तुला? माझ्या दारातनं रिकामी घागर घिऊन कुणी माघारी गेलंय का कवा?"

"न्हाई गेलं, आबा. मिळतंय पाणी. पण मागावं लागतंय."

आबा वाईट माणूस नव्हते, हे मला तिथंच दिसत होतं. त्यांना खरोखरच लागलं होतं ते. ते म्हणाले, "मागितलं म्हून काय झालं? लेकीसारख्या तुम्ही."

"लेकीनं रोज मागायचं का, आबा? तुमच्या सूनबाईची कामं उरकेस्तोवर आम्ही घागर घेऊन दारात उभ्या. कधी त्यांचं डोकं दुखत असतंय, कधी पाव्हणे असत्यात. आम्ही तोंड बघूनच वळखतो, आज मागावं का नगं."

मग बाकीचे बोलू लागले. भाडेकरू आज आहेत, उद्या नाहीत. चित्र काढलं की हक्क लागतो. रेखा म्हणाली, आम्ही गेलो तरी खोल्या राहतीलच की, दुसरे येतील, त्यांनाही पाणी लागेल. आणि पाटा-वरवंट्याची पाइप गेल्या वर्षी नव्यानं टाकली तेव्हा गुरुवारच्या सुट्टीला खोल्यांतले सगळे गडी खणायला होते. त्याच वेळी खोल्यांच्या कडेला फाटा काढून एक नळ उभा केला होता. नळ होता, तोटी होती, टाकीखाली वेगळा व्हॉल्व्हसुद्धा होता. पाळी नव्हती.

बबनराव लांब बसून विडी ओढत होते. त्यांना कुणीतरी विचारलं. ते म्हणाले, "चित्र न्हाई तर पाणी न्हाई. मला दुसरं काय कळत न्हाई."

आता टाकीभोवती एकच जागा उरली होती, वरच्या सांडव्याच्या नळाखालची. टाकी भरून वाहिली की पाणी तिथून भिंतीवरूनच उतरायचं. हमीदभाईंनी भिंतीवरून हात फिरवला आणि मान हलवली. "हितं ऑइलपेंट टिकणार न्हाई. पोपडे निघतील. मी काढतो म्हणालो तर ती लबाडी होईल." आबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. नाही म्हणायला कारण मिळालं, आणि ते त्यांना स्वतःला द्यावं लागलं नाही.

रेखानं त्या जागेकडं बघितलं. "मग खडूनं काढते," ती म्हणाली. "पुसलं की पुन्ना काढीन."

लोक हसले. आबासुद्धा हसले, पण मोठ्या मनानं. "बरं. चित्र दिसंल तवर पाणी. चकती लावायच्या टायमाला न्हाई दिसलं, तर त्या खेपेला न्हाई. आन् तुमचं तुम्हीच काढायचं. गुरुवार घ्या, चालंल का?" गुरुवार कुणालाच नको असायचा, कारण त्या दिवशी वीज बंद असते. रेखा हो म्हणाली.

मला इतका संताप आला की हातातली भाकरी तशीच खाली ठेवली. ज्यांनी हातानं खणलं त्या माणसांनी पाण्यासाठी भिंतीवर दर आठवड्याला खडू घासायचा! मी हमीदभाईंना तसं बोलले. त्यांनी हातोडी घेतली आणि त्या रिकाम्या जागेवर, बरोब्बर चकतीच्या उंचीला, एक चांगला लांब खिळा मारला.

खोल्या

चित्रं पुरी व्हायला दोन-तीन दिवस लागणार होते. मी रेखाकडं राहिले. एक खोली, अर्ध्यात चूल-भांडी, अर्ध्यात अंथरुणं, आणि कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप, अर्ध्याच्या खाली गेलेलं. आमच्याकडं पाहुणा आला की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं ठेवतात. रेखानं तांब्या पुढं केला तेव्हा मी त्या पिंपाकडं बघितलं आणि दोन घोट घेऊन तांब्या ठेवला. तिच्या ते लक्षात आलं. "प्या हो, बाई," ती म्हणाली, "तुम्ही प्यायल्यानं काय आटतंय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळा तांब्या रिकामा केला.

चित्र कुठलं काढायचं यावर संध्याकाळी दारात सभा भरली. वस्तीला आपलं झाड असतं, आपली विहीर असते. या बायकांचं सामाईक काय होतं? एक जालन्याची, एक उस्मानाबादकडची, दोघी-तिघी उत्तरेकडच्या. कुणी रेल्वेगाडी म्हणालं, कुणी जेवणाचा डबा. मी पुढं सरसावले. मी म्हटलं, मी काढून देते, खोल्यांची रांग, मागं उगवता सूर्य, वर पाखरांचा थवा. डोळ्यांपुढं सगळं चित्र उभं राहिलं होतं माझ्या.

रेखा म्हणाली, "लई छान होईल, बाई. पण मला काढता यायला पाहिजे. अन् मी नसले तर हिला." हिला म्हणजे शेजारची मीना, बिहारकडची. मीनानं बसल्या जागेवरून आपल्या दाराकडं बोट केलं. ती म्हणाली, "तो ताला बना दो ना, दीदी. सबके दरवाजे पे है."

खरंच होतं. नवरा-बायको दोघं कामावर गेली की रांगच्या रांग कुलपं दिसायची, आणि गावातले लोक चेष्टेनं कुलपांच्या खोल्या म्हणायचे. शिवाय चौकोन आणि वर कडी, एवढंच तर काढायचं. माझे सूर्य आणि पाखरं मी निमूटपणे आवरली.

मंगळवारी आणि बुधवारी रेखा सकाळीच टेकाडावर गेली. मीही गेले. मी तिला आधी चौकोन, मग कमान, मग किल्लीचं भोक असं शिकवलं. पहिलं कुलूप डबीसारखं झालं, दुसरं बरं. बबनराव व्हॉल्व्ह फिरवायला यायचे, जाता जाता भिंतीकडं एक नजर टाकायचे आणि काहीही न बोलता उतरायचे. त्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळायचं नाही. मी रेखाला विचारलं, हे चकती लावतील ना? ती म्हणाली, "चित्र असलं तर लावतील. लबाडी करणार न्हाईत." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अन् चित्र नसलं तर लावणार न्हाईत."

एकदा गुरुवार चुकला की पुन्हा कुणी ऐकून घेणार नाही, हे तिला माहीत होतं. गाव म्हणणार, दिली होती की पाळी, तुम्हालाच जमलं नाही.

गुरुवार

मला सकाळची गाडी धरायची होती. रेखा अंधारातच वर जाऊन चित्र काढून आली. हात खडूनं पांढरे, चेहरा फुललेला. खोल्यांसमोर नळापासून रांगेनं पिंपं, हंडे, बादल्या, अगदी कुकरसुद्धा मांडलेले. तिनं मला दोन भाकऱ्या बांधून दिल्या. मी तिचा निरोप घेतला आणि चित्रं एकदा डोळे भरून बघावीत म्हणून टेकाडाकडं वळले. खालून मला पांढरं कुलूप नीट दिसलं.

वर पोचेपर्यंत ते गेलं होतं.

दिवसा वीज नसते म्हणून गुरुवारी पहाटेपर्यंत पंप चालवून टाकी काठोकाठ भरतात. हे मला माहीत नव्हतं. सांडव्याच्या नळातून धार सुटली होती, ती भिंतीवरून सरळ खाली येत होती, आणि पायथ्याशी दुधाळ पाणी साचलं होतं. नेमका त्यांचाच वार. रेखानं उरलेला खडू व्हॉल्व्हच्या कठड्यावर ठेवला होता. माझा हात त्याच्याकडं गेला.

आणि तिथंच थांबला. तुमचं तुम्हीच काढायचं, असं आबा म्हणाले होते. मी खोल्यांतली नव्हते. मी काढलेलं बबनरावांनी धरलं नाही तर? रेखाला हाक मारावी म्हटलं, तर रस्त्यावरून ट्रकांची रांग चाललेली. माझा आवाज टेकाडाच्या निम्म्यावरही पोचला नसता. मी तिथं नुसती उभी राहिले. आयुष्यभर मुलांना चित्रं काढायला लावली आणि आज माझ्याकडून एक चौकोन होईना.

बबनराव चढून आले. एका हातात चकती, खांद्यावर टॉवेल.

"होतं हो चित्र," मी घाईनं म्हटलं. "आत्ता खालून मी स्वतः बघितलं."

"मलाबी दिसलं हुतं," ते म्हणाले. "आता न्हाई."

ते धारेकडं बघत उभे राहिले. मी आणखी काही बोलणार होते, पण त्यांनी हात वर केला. थोड्या वेळानं वीज गेली असावी. विहिरीवरचा पंप थांबला, धार बारीक झाली, तुटली. नळाच्या तोंडाशी थेंब जमायचे राहिले. बबनरावांनी चकती खाली ठेवली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि भिंत पुसली. एकदा पुसून टॉवेल पिळला, पुन्हा पुसली, तळवा लावून बघितला. मग कठड्यावरचा खडू घेतला.

त्यांनी आधी कडी काढली. मग कडीखाली चौकोन बसवायला गेले तर तो बसेना, म्हणून एक बाजू ओढून घेतली. ते काही कुलूप नव्हतं, देठासकट वांगं होतं. ओल्या भिंतीवर खडू दाबून दाबून त्यांनी रेघ गडद केली, दोन पावलं मागं आले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं वळून बोलले.

"बाई, तुम्ही मास्तरीण. कुलूप दिसतंय का?"

कुणाचंही चित्र दुरुस्त केल्याशिवाय मी कधी सोडलं नाही.

"दिसतंय," मी म्हटलं.

त्यांनी खिळ्याला चकती लावली, सरळ केली, आणि गुडघ्यावर बसून व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. तो कधीच फिरवलेला नव्हता, त्यामुळं कुरकुरत होता.

खाली नळाला पाणी आलं तसा भांड्यांचा आणि बायकांचा एकच कल्ला झाला. कुणाच्या दारात कुणी गेलेलं नव्हतं. सगळ्या आपापल्या दारात उभ्या होत्या. रेखानं वर टाकीकडं बघून दोन्ही हात हलवले. तिथून तिला लाल चकती आणि तिच्यावरचं पांढरं काहीतरी दिसत असणार. आपण काढलेलं चित्र टिकलं असंच तिला वाटलं. बबनराव तिच्याकडं न बघता टॉवेल झटकत होते.

मी गाडी धरायला उतरले ती टेकाडाच्या मागच्या वाटेनं, खोल्यांवरून न जाता. रेखानं काही विचारलं असतं तर माझ्या तोंडून खरं निघून गेलं असतं.